रुमालाखालचा भाव

आमच्या जालन्याच्या मोसंबी मार्केटात माल उतरतो, विकला जातो, निघून जातो. किस्से मात्र गाळ्याच्या कोपऱ्यात साचून राहतात. पिचक्या मोसंब्या निदान बकऱ्या तरी खातात, किस्से कोण खाणार? म्हणून अधूनमधून ते असे बाहेर काढावे लागतात.

माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस, आणि शेजारी बाबूशेठची आडत. तेव्हा मोबाईल आलेले नव्हते. आमचा माल कलकत्त्याला जायचा आणि तिथून बराचसा बॉर्डर ओलांडून शेजारच्या देशात. हे आम्हाला कळलं कधी, तर कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा. तिकडच्या सरकारने फळांवरची ड्यूटी वाढवली होती, तूर्त माल पाठवू नका म्हणाला. बाबूशेठनी रिसीव्हर ठेवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी उतरली की भाव उतरला, हे साऱ्या मार्केटला ठाऊक होतं.

समोर अंबडकडचे अण्णा होते. अण्णांची मोसंबीची बाग. माल निघायला लागला की हा माणूस एसटीने यायचा आणि दिवसभर गाळ्यात येरझारा घालायचा. खुर्ची दिली तरी बसायचा नाही.

"आपल्या मोसंबीनं त्यांचं काय घोडं मारलं?" त्यांनी विचारलं.

बाबूशेठनी समजावलं. आपल्या सरकारने त्यांच्या तागावर कर बसवला, म्हणून त्यांनी आपल्या फळांवर बसवला.

अण्णांनी एक फेरी मारली. "म्हंजी भांडण भावकीचं, अन् बैल आमचे कोंडवाड्यात. बाग तोडतो मी."

गंमत म्हणजे त्याच तागापायी आमचं बारदान महागलं. पोतं महाग आणि आतला माल स्वस्त!

*

मग सगळं मार्केट बातम्या ऐकायला लागलं. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची बैठक होती, त्या दिवशी चहावाल्या काशिनाथने रेडिओ थेट बाकड्यावर आणून ठेवला. हमाल पाठीवर पोती घेऊन तसेच थांबले. चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली, असं बातम्या देणाऱ्या बाईंनी सांगितलं. एकाने टाळीसुद्धा वाजवली.

बाबूशेठ म्हणाले, "वातावरण सांगितलं म्हंजी बाकी कायबी झालं न्हाई. पोती उतरवा."

भाव आणखी पडला. स्टेशनपासून मोंढ्यापर्यंत रसाच्या गाड्या लागल्या, आणि रसाचा ग्लास चहाहून स्वस्त झाला. काशिनाथचं गिऱ्हाईक तुटलं. तो किटली घेऊन तावातावाने बाबूशेठकडे आला. दोन देशांच्या भांडणात माझा चहा काहून मारून राह्यले, असं विचारत होता.  बाबूशेठनी दोन कप जास्तीचे घेतले.

*

त्यातच, तो फोन येण्याआधी अण्णांचा माल भरून निघालेला माझा एक ट्रक बॉर्डरवर अडकला. आम्हाला बसवेना की उठवेना. ड्रायव्हर रोज बूथवरून फोन करायचा. बाबूशेठ रोज पहिला प्रश्न विचारायचे, माल कसाय? मागून अण्णा तेच ओरडायचे.

एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "माल बरा हाय शेठ. एकदा मलाबी इचारा की."

*

शेवटी बाबूशेठ स्वतः निघाले. पण आधी आमच्याकडचा एक जुना रिवाज सांगतो. भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून सौदा करायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. पुढे उघडा लिलाव आला, तरी जुन्या माणसांची बोटं ऐकत नव्हती.

तर बॉर्डरवरच्या साहेबाने बाबूशेठना ड्यूटीचा नवा दर सांगितला. आता कुणी दर सांगितला की तो खाली आणायचा, एवढंच बाबूशेठना जन्मभर ठाऊक! त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबाच्या हातावर टाकला आणि दोन बोटं दाबली.

साहेबाला वाटलं, लाच. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने येऊन हा रिवाज समजावला, तेव्हा कुठे सुटका झाली.

बाबूशेठ मात्र अजून सांगतात, "हात सोडवताना त्यानं एक बोट दाबलं व्हतं. जरा थांबलो असतो तर ड्यूटी बराबर उतरली असती."

*

तो माल अर्धा सडला. पुढच्या हंगामातही तेच. अण्णांचं "बाग तोडतो" आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं, की कुणी मनावर घेत नव्हतं. मग एक दिवस निरोप आला. भोकरदनचा लाकडाचा व्यापारी बाग बघायला येतोय, तुम्ही दोघं साक्षीला या.

गेलो. झाडं हिरवीगार उभी होती. दुष्काळाच्या साली अण्णांच्या बायकोने, सिंधूकाकूंनी, दुसऱ्याच्या विहिरीवरून घागरीने पाणी आणून ती जगवली होती. आज काकूंनी चहा दिला. 

झाडाखाली घोंगडी टाकली होती. तिच्यावर अण्णा बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. व्यापाऱ्याने हात पुढे केला, रुमाल पडला, बोटं हलायला लागली. अण्णा मान हलवायचे, व्यापारी पुन्हा दाबायचा. सौदा जमत आला होता.

काकू कप उचलायला आल्या. त्यांनी कप उचलले नाहीत. त्या अण्णांच्या शेजारी टेकल्या आणि त्यांनी आपला हात रुमालाखाली घातला.

आमच्याकडे बाईमाणूस रुमालाखाली हात घालत नाही. व्यापाऱ्याने चटका बसल्यासारखा आपला हात ओढून घेतला. रुमालाखाली नवराबायकोचे हात तेवढे राहिले. रुमाल थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. बाबूशेठ नुसत्या खांद्याच्या हालचालीवरून भाव ओळखणारा माणूस, पण पुढे वाकवाकून बघूनही त्यांना काही पत्ता लागेना. काकू समोरच्या झाडाकडे बघत होत्या.

मग अण्णा उठले. रुमाल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "पाव्हणं, उठा आता. बाग गेली. तुमच्याहून जास्तीचा भाव आला."