दस्तगीरभाईंची तक्रार

दस्तगीरभाई गेल्याचं कार्ड विश्रामधामातून माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांना माती देऊन चार दिवस झाले होते. 'आपल्या शिफारशीवरून दाखल झालेले माजी हवालदार अल्पशा आजाराने वारले,' असं व्यवस्थापकांनी सुवाच्य अक्षरात कळवलं होतं. अल्पशा! आठ महिने त्यांचा पाय सडत होता. मी ते कार्ड फाडून टाकलं. मग वाकून तुकडे गोळा केले, कारण त्यातली एक गोष्ट तरी खरी होती. शिफारस माझीच होती.

आमची ओळख मुरुमची. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. निजामाचा अंमल नुकताच गेला होता. ब्रह्मदेशाच्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गमावून आलेला हा माणूस बाजारात सायकली दुरुस्त करत बसायचा. मी त्यांना मुलांची कवायत घ्यायला बोलावलं. काठीवर रेलून ते असा हुकूम सोडायचे की मुलंच काय, मीसुद्धा ताठ व्हायचो! ते दिवस धास्तीचे होते. मुसलमान माणसाला शाळेत कशाला बोलावता, म्हणून काहींनी नाकं मुरडली. मी त्यांना भीक घातली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वही होता. दस्तगीरभाईंनी मात्र ते माझं मोठेपण मानलं, आणि पुढं आयुष्यभर माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

मी सेवानिवृत्त होऊन उस्मानाबादला आलो. मागं मुरुमला दस्तगीरभाईंची बायको वारली, मूलबाळ नव्हतं. त्याच सुमारास येडशीच्या बाजूला माजी सैनिकांसाठी विश्रामधाम निघालं आणि त्याच्या देखरेख समितीवर मला घेतलं. मी मुद्दाम मुरुमला गेलो.

"म्हंजे आता फुकटची रोटी खायाची व्हय, मास्तर?" ते म्हणाले.

"फुकटची कशी? हक्काची आहे. आणि मी समितीवर आहे, दस्तगीरभाई. दर तीन महिन्यांनी तपासणीला येणार. माझी नजर राहील."

"तुमी हाय म्हणून जातो," ते म्हणाले. "न्हायतर इथं माझं काय वाईट चाललं होतं?"

समितीचे अध्यक्ष गावातले नावाजलेले वकील. तपासणीची तारीख ते विश्रामधामाला आठवडाभर आधी कळवायचे, कारण चहा-नाश्त्याची सोय व्हायला हवी ना! आम्ही पोचायचो तेव्हा भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र, खाटांवर परीटघडीच्या चादरी, आणि म्हातारे ओळीनं उभे. मी चादरी हातानं चाचपायचो, भाजीची चव घ्यायचो, आणि फार बारकाईनं पाहिल्याच्या समाधानात विचारायचो, "काही तक्रार?" सगळे एका आवाजात म्हणायचे, "जी नहीं!" शिपाईगडी तो... पलटणीची उणीदुणी परक्यापुढं काढणं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं. हे मला कळायला हवं होतं. मी लिहायचो, 'व्यवस्था समाधानकारक.' असं मी तीनदा लिहिलं.

तिसऱ्या खेपेला दस्तगीरभाई मला सोडायला फाटकापर्यंत आले. त्यांची चाल मंदावली होती. म्हणाले, "मास्तर, एक डाव न सांगता या की. पाव्हणे येणार म्हणल्यावर कुणाचं बी घर सारवलेलंच असतंय."

पुढच्याच आठवड्यात मी एकटा गेलो. खाटांवर नुसतं काथ्याचं विणकाम, चादरी पेटीत कुलूपबंद. स्वयंपाकघरात पाण्यासारखं वरण. दस्तगीरभाईंनी पायजमा वर केला. तुटक्या पायाचा खुंट चिघळला होता आणि त्यावरची पट्टी मांसाला चिकटून तपकिरी झाली होती. पट्टी रोज बदलायची असा नियम, पण कंपाउंडर फक्त गुरुवारी यायचा, आणि तेही सगळ्या गुरुवारी नाही. त्या वासानं मला दारात जाऊन उभं राहावं लागलं.

सगळं लिहून घेतलं. मी पडलो मास्तर. आधाराशिवाय विधान करायचं नाही, हे मुलांना तीस वर्षं शिकवलेलं. विचारलं, "तुमचं नाव घालू ना? नावाशिवाय कोण ऐकेल?"

त्यांनी पायजमा खाली ओढला. "घाला. पण कागद वर जाऊ द्या, मास्तर. खाली न्हाय."

मी शब्द दिला.

कागद वर गेला आणि वरून सरळ खाली आला. अध्यक्षांनी त्यावर 'व्यवस्थापकांनी खुलासा करावा' असा शेरा मारला आणि माझा मूळ अहवाल, नावासकट, जशाच्या तसा व्यवस्थापकांकडं पाठवून दिला. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "पद्धतच आहे ती, गुरुजी. ज्याच्यावर आरोप, त्याला विचारायला नको?" चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर मला चहा! व्यवस्थापकांनी तो अहवाल ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. पलटणीची इभ्रत घालवली म्हणून म्हातारे दस्तगीरभाईंशी बोलायचे बंद झाले. त्यांची खाट मागच्या खोलीत गेली. कंपाउंडरला ती खोली सापडेनाशी झाली.

पुढच्या तपासणीला ते खाटेशेजारी उभे होते, एका पायावर, भिंतीला टेकून. अंगात ताप होता, ते दिसत होतं. अध्यक्षांनी माझ्यादेखत विचारलं, "हवालदार, काही तक्रार?"

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मला कधी 'मास्तर'शिवाय हाक न मारणारा तो माणूस म्हणाला, "कोई शिकायत नहीं, साहेब." ते अध्यक्षांना म्हणाले नाहीत. मला म्हणाले.

"बघा, स्वतःच म्हणतायत," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी 'व्यवस्था समाधानकारक' लिहिलेला नवा अहवाल माझ्यापुढं सरकवला. पट्टी पाहायला मी तिथंच खाली बसायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता. पण व्यवस्थापक आणि कारकून उभे, बाहेर गाडी तयार... मी ओसरीत येऊन सही केली. अध्यक्षांनी मला दगा दिला, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय. ते खोटं नाही. पण दस्तगीरभाईंना दगा अध्यक्षांनी दिला नाही. अध्यक्षांवर त्यांचा विश्वास होताच कुठं?

कार्ड आल्यावर मी येडशीला गेलो. मागच्या खोलीत आता त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे शिवलिंगप्पा एकटेच होते. तेही जुने शिपाई, आळंदच्या बाजूचे. शेवटी शेवटी तेच एकटे दस्तगीरभाईंशी बोलत. माझी ओळख पटल्यावर त्यांनी आधी शेजारची रिकामी खाट दाखवली. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमी गेल्यावर भाईनं एकच इचारलं. मास्तरनं सही केली का? म्या दारातनं बघितलं होतं. म्हणलं, व्हय, केली."

"मग?"

"मग काय न्हाय. पांघरूण घडी करत बसले."

ते पांघरूण खाटेवर होतं. पलटणीत शिकवतात तशी चौकोनी घडी, चारी कोपरे नेमके जुळलेले. शेवटच्या दिवशीही त्यांनी सकाळी ती स्वतःच घातली होती, आणि रात्री थंडीत कुडकुडले तरी मोडली नाही, असं शिवलिंगप्पांनी सांगितलं. व्यवस्थापकांनी ते मला नेऊ दिलं. वारस म्हणून माझं नाव लिहून घेतलं, आणि मी तिथंही सही केली.

गेला महिनाभर ते माझ्या खोलीत, खुर्चीवर आहे. थंडी वाढलीय, कुणा गरजवंताला देऊन टाका, असं बायको रोज म्हणते. तिचं बरोबर आहे. द्यायचं तर आधी उलगडून ऊन दाखवायला हवं. मी रोज सकाळी खुर्चीपाशी जातो, घडीवर हात ठेवतो आणि परत येतो. ती मोडायला दस्तगीरभाईंना विचारावं लागेल, आणि त्यांना काही विचारायला मला आता तोंड नाही.