पेटी आणि करवत

हत्यारं जपणारे सुतार जगात पुष्कळ असतील, पण हत्यारांची पेटी जपता यावी म्हणून सुतारकी करणारे माझे मामा एकटेच. हे मी जरा घाबरतच लिहितो आहे, कारण मी जग फारसं पाहिलेलं नाही. धानोऱ्याजवळचं आमचं गाव, नागभीडचं स्टेशन आणि आता नागपुरातलं कॉलेज, एवढंच. तरी या टापूत मामांच्या जोडीचा माणूस मला दिसला नाही, आणि आमच्या घराण्यात कॉलेजात पोचलेला मीच पहिला असल्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिणं माझ्याच वाट्याला आलं आहे.

मामांनी पेटी जशी निवडली तसा कोणी जावईही निवडत नसेल. आधी त्यांच्याजवळ रॉकेलचा डबा होता. त्यात हत्यारं इतकी खणखणत की मामा नाल्यापलीकडे असतानाच पुढच्या गावची कुत्री त्यांना घ्यायला येत. मग बुरडाकडून बांबूची पेटी विणून घेतली, तर पहिल्याच दिवशी पटाशीनं बुडातून डोकं बाहेर काढलं. पोत्याची थैली करवतीनं आतून कापली. शेवटी मामा सागवानासाठी आलापल्लीला गेले आणि तिथे एकेका फळीवर टिचकी मारून तिला कान लावत बसले. तिथल्या लाकूड डेपोच्या बाबूनं विचारलं, "काय पाहून राह्यले, भाऊ?" मामा म्हणाले, "पाहून नाई, आयकून राह्यलो. चूप राहा थोडा वेळ."

त्या सागवानाची पेटी त्यांनी करवतीच्या मापानं बांधली. आत रंधा, वाकस, गिरमिट, कानस, ज्याला त्याला आपापलं कोरीव घर. एखादं हत्यार घराबाहेर राहिलं तर झाकण बसतच नसे. एका सकाळी असंच झाकण बसेना, आणि मामा दुपारपर्यंत पेटीपुढे डोकं धरून बसले. मामी चुलीजवळ लहान हातोडीनं सुपारी फोडत होती. "बाईमाणसाचा हात लागला का हत्याराची धार उतरते!" मामा ओरडले. मामी शांतपणे म्हणाली, "हातोडीले कोठची आली धार? सुपारी तं बरोबर फुटली." तेव्हापासून पेटीला हात लावायची घरात कोणालाच परवानगी नव्हती. बैलगाडीलाही नव्हती, कारण गाडीच्या हिसक्यांनी म्हणे पटाशी बोथट होते. हत्यार ज्याचं, ओझं त्याचं, हा मामांचा कायदा. ती अवजड पेटी डोक्यावर घेऊन ते गावोगाव जात, आणि वाटेत कोणासाठी म्हणून थांबत नसत.

गेल्या उन्हाळ्यात मी सुटीत मामांकडे गेलो तेव्हा मामांची मान आखडली होती. डोक्यावर काही घ्यायचं नाही, असं वैदूनं बजावलं होतं. नेमके हे दिवस जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे लहान लहान वस्त्यांवर, फिरून नांगर दुरुस्त करायचे. मामा मात्र ओसरीवर पेटीजवळ बसून होते.

"चार हत्यारं फडक्यात गुंडाळून न्या ना," मामी म्हणाली.

"म्हाताऱ्या मायले बोचक्यात बांधून जत्रेले नेते का कोणी?" मामा म्हणाले, आणि राग माझ्याकडे वळला. "काऊन रे बापू, कॉलेजात पेटी उचलाचं शिकवतेत का नाई?"

"नाही मामा."

"मंग इतक्या दूर कायले जाऊन राह्यला?"



दोन दिवसांनी मामांचा जुना दोस्त आला. एका टोल्यावरचा म्हातारा गोंड शेतकरी. त्याच्या टोल्यावरचे सगळे नांगर मामांच्याच हातचे. खांद्यावर कावड, दोन्हीकडे मोहफुलांच्या टोपल्या. म्हणाला, "दादा, नांगर पडून आहेत. पाणी कोणाची वाट पाहत नाई. तू येत नसशील तं आमी दुसरा वाढई पाहतो."

मामांचा चेहरा असा उतरला की मला तिकडे पाहवेना. म्हाताऱ्यालाही पाहवलं नसावं. त्यानं टोपल्या सोडल्या आणि कावड पुढे केली. "हे घे. याले खांदा लागते, मान नाई लागत."

मामांनी एका टोकाला पेटी बांधून कावड उचलली, तर दुसरं टोक उसळून ओसरीच्या छपराच्या कवेलूंना लागलं. मग त्यांनी त्या टोकाला मसाल्याचा पाटा बांधला आणि डुलत डुलत विहिरीपर्यंत जाऊन आले. म्हातारा हसून हसून खालीच बसला. "हत्यारं न्यायले दगड वाहून राह्यला रे दादा!"

"आन् मी मसाला काय तुमच्या पाठीवर वाटू?" मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मामांनी पेटीतून करवत काढली, पेटीच्या बरोबर मधोमध रेघ मारली आणि कापायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत कापलेल्या बाजूंना नव्या फळ्या बसल्या आणि सारख्या वजनाच्या दोन पेट्या तयार झाल्या. रंधा बसला, वाकस बसला, गिरमिट बसलं. करवत तेवढी कशातच बसेना. जिच्या मापानं पेटी बांधली होती, तीच बाहेर! मामांनी ती उभी घालून पाहिली, तिरपी घालून पाहिली, आणि मग तशीच मांडीवर घेऊन बसले.

मामी दारातून पाहत होती. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, मामांच्या मांडीवरून करवत उचलली, नीट गुंडाळली आणि खांद्याला लावून पाहिली.

"सकाळी मी येतो संगं," ती म्हणाली.

"धार..." मामा पुटपुटले.

"उतरली तं लावजा."

सकाळी मी त्यांना रानाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. पुढे मामा, कावडीच्या दोन्ही टोकांना पेट्या झुलताहेत. बरंच मागे मामी, खांद्यावर करवत. मामा दर थोड्या वेळानं ओरडत, "सरळ धर वो!" आणि मामी तितक्याच वेळा म्हणे, "धरली!" मी थांबलो, ते पुढे गेले. जिथून पायवाट सागाच्या झाडांत शिरते तिथे मामांनी कावडीचा खांदा बदलला. आता निघतील असं मला वाटलं. पण ते निघाले नाहीत. मामी जवळ येईपर्यंत ते तिथेच, मागे वळून, उभे राहिले.