जांभळाची बिअर

मंदारने लाकडी पिंपातून ग्लासभर बिअर काढून माझ्यापुढे ठेवली. जांभळं घालून मुरवलेली ही कडक बिअर मूळची माझी. आम्ही भागीदार होतो तेव्हा मीच ती जमवली होती. पुढे त्याने मला बाहेर काढलं आणि तिला स्वतःचं नाव दिलं. चव बघायला मात्र त्याला अजून माझीच जीभ लागते.

पहिल्याच घोटात जांभळाचा तुरटपणा पसरला, मागून लाकडाचा मंद वास आला. इतकी नेमकी मलाही कधी साधली नव्हती. राग मुरायलाही बहुधा एवढाच वेळ लागतो.

"बाटल्या भरू का गं?" त्याने विचारलं.

"छे, कच्ची आहे. अजून वर्षभर राहू दे पिंपात."

तोवर लाकूड जांभळाची चव गिळून टाकेल, हे मला ठाऊक होतं. त्याने विश्वासाने मान डोलावली. मी उरलेला ग्लास सावकाश संपवला. ही चव आता पुन्हा कुणालाच मिळणार नव्हती.