पुढच्या सीटसमोरचा स्पंज

शिरूरला ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्या त्या मामांचं नाव मी विचारलंच नाही. वडिलांमागे राहिलेली त्यांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार मला प्रदर्शनात ठेवायची होती. तिथे सगळं मूळचंच लागतं, म्हणून गाडीच्याच सालचा पत्र्याचा डॅशबोर्ड मी हट्टाने मिळवला होता आणि तो बसवायला मामांकडे गेले होते.

मामांनी गाडीतल्या डॅशबोर्डवरून डोळे मिटून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"गाडी आधीची हाय, ह्यो नंतरच्या मॉडेलचा. आतनं स्पंजचा. भोकं जुळंनात म्हणून कुणीतरी हातानं घासून बसवलाय." त्यांची बोटं डावीकडे थांबली. "आन् हितं स्पंजचा आनखी एक थर घातलाय."

मग त्यांनी माझ्या हनुवटीवरच्या जुन्या व्रणाकडे पाहिलं.

"ताई, ल्हानपनी हितं तुमी बसायच्या का?"

मी होकारार्थी मान हलवली. मामांनी पत्र्याचा डॅशबोर्ड पुन्हा कागदात गुंडाळून दिला.

परतताना शिक्रापूरच्या ट्रकांमध्ये अचानक ब्रेक दाबावा लागला. माझा डावा हात आपोआप शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा गेला. वडिलांचा जायचा, तसाच.