ढेकळाला लाल टॅग

रविवार, नवरात्र बसायच्या आधीचा. स्थळ : चिखलीतल्या आमच्या फ्लॅटचा हॉल. उपस्थित : मी, माझे यजमान दिलीप आणि सासूबाई. अनुपस्थित : आमची मुलगी ईशा आणि ढेकूळ. ईशा कॉलेजच्या सहलीहून संध्याकाळी परतणार होती. ढेकूळ परतणार नव्हतं, कारण त्याला मी घालवून दिलं होतं.

ढेकूळ हा ईशाच्या गेममधला एक प्राणी. त्या गेममध्ये जंगलात, तळ्याकाठी, डोंगरात चित्रविचित्र प्राणी हिंडत असतात. ते पकडायचे, वाढवायचे, त्यांतले सहा निवडून टीम करायची आणि दुसऱ्याच्या टीमशी झुंजवायची. उरलेले एका डब्यात राहतात. ईशा हा गेम चौथीपासून खेळते आणि आता ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डब्यात किती गर्दी असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

सहलीला निघताना तिने तो हातात धरायचा गेम माझ्याकडे सोपवला. "आई, रोज चार्ज कर आणि सगळ्यांना एकदा खायला घाल. नाहीतर रुसतात. बाकी कशालाही हात लावू नकोस."

शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. पण मी चाकणच्या एका कंपनीत फाइव्ह एस बघते. म्हणजे कारखान्याच्या शॉपवरच्या प्रत्येक वस्तूला जागा ठरवून द्यायची आणि जी कामाची नाही तिला लाल टॅग लावून बाहेर काढायची. हे काम वर्षानुवर्षं केलं की माणसाचे डोळेच तसे होतात. घरात मी मिक्सरच्या जास्तीच्या झाकणाला लाल टॅग लावला आहे. स्कूटर विकली तरी यजमानांनी जपून ठेवलेल्या हेल्मेटला लावला आहे. सासूबाईंच्या रिकाम्या तेलाच्या डब्यांनाही लावला होता. तो त्यांनी काढून माझ्या खुर्चीला चिकटवला.

तर खायला घालायचं म्हणून गेम उघडला आणि तो डबा पाहून मला घाम फुटला. एकाच जातीचे प्राणी पाच ठिकाणी, पाण्यातले आगीतल्यांच्या शेजारी, कशाचा कशाला मेळ नाही. मी त्यांना जातवार रांगेत लावलं. तिथे थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी टीमकडे वळले.

सहापैकी पाच जण ठीक होते. सहावं होतं ढेकूळ. मातकट, चपटं, डोक्यावर गवताची एक काडी, डोळे अर्धे मिटलेले. ताकद कमी, वेग जवळजवळ नाहीच. लढाईत सगळ्यांत आधी तेच पडत होतं. आमच्याकडे प्रत्येक ऑपरेटरला काय काय येतं याचा तक्ता भिंतीवर असतो. त्या तक्त्यात ढेकळाचे सगळे रकाने कोरे राहिले असते. मी डब्यातला एक दणकट प्राणी टीममध्ये घेतला आणि ढेकळाला सोडून दिलं. नक्की सोडायचं का, असं गेमने दोनदा विचारलं. (ही पद्धत मला आवडली. आमच्या स्क्रॅप यार्डात एकदाही विचारत नाहीत.) मी दोन्ही वेळा हो म्हटलं. पडद्यावर ओळ आली, की ढेकूळ एकदा मागे वळून पाहतं आणि निघून जातं. मी काम झाल्याची खूण केली आणि पोहे खाल्ले.

त्या रविवारी सकाळी ईशाचा फोन आला.

"आई, ढेकूळ खातंय ना नीट?"

"खातंय की," मी म्हणाले. तोंडातून इतकं सहज आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"आज सातला क्लबहाऊसमध्ये आमची मॅच आहे. टीम तशीच आहे ना?"

"पाच जण तर एकदम उत्तम आहेत."

"आणि ढेकूळ?"

"ईशा, रेंज जातेय गं," म्हणून मी फोन ठेवला. (मी बाल्कनीत होते. आमच्या घरात सगळ्यात चांगली रेंज तिथेच येते.)

मग बैठक भरली. यजमान चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. त्यांना बिघाड सांगितला की ते आधी पार्ट विचारतात.

"अगं, त्यात काय एवढं? त्याच जातीचं दुसरं पकडू, ढेकूळ नाव देऊ. पार्ट बदलला, लाइन चालू. तिला काय कळणार आहे?"

सासूबाई सोफ्यावर शेंगा सोलत होत्या. त्या लातूरकडच्या. "व्हय रे दिल्या," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची म्हैस आणून आपल्या दावणीला बांधली तर मला कळलं नसतं व्हय? म्हैस म्हैस सारखीच की."

"आई, हा गेम आहे."

"मग कशाला घाबरलायस?"

आम्ही कामाला लागलो. ढेकळाची जात गेममधल्या दलदलीत सापडते, तीही पाऊस पडत असेल तरच. आम्ही दलदलीत जाऊन उभे राहिलो आणि पावसाची वाट पाहू लागलो. बाहेर कडक ऊन, आत आम्ही तिघं पाच इंची पडद्यात ढग शोधतोय. या मोकळ्या वेळात टीममध्ये कोण असावं यावर वाद सुरू झाला. यजमानांना आग ओकणारा पंखवाला सरडा हवा होता. "याची पॉवर बघ राव," ते म्हणाले. (ते मलाही राव म्हणतात. मेंटेनन्सची सवय.) मी म्हटलं, तसं नसतं. समोरच्याकडे पाणी असेल तर सरडा विझणार, म्हणून एक पाण्याचा, एक विजेचा, एक दगडाचा असा हिशोबाने घ्यायचा. सासूबाईंनी चष्मा लावून सगळा डबा पाहिला आणि लांब मानेच्या एका करकोच्यावर बोट ठेवलं.

"ह्याला घ्या."

"का? याला काय येतं?"

"आमच्या औशाच्या भाऊजीसारखा दिसतोय. मान बी तशीच हलवतोय. गरीब हाय, कुणाच्या अध्यात न्हाई."

"आई, याला लढायचंय."

"भाऊजी बी कोर्टात लढले की वीस वर्ष."

तेवढ्यात पाऊस आला आणि एक ढेकूळ दिसलं. म्हणजे ढेकळाच्या जातीचं. पकडायचं तर आधी लढून त्याला थोडं थकवावं लागतं, मग जाळं टाकायचं. यजमानांनी सरडा पुढे केला. सरड्याने एक फुंकर मारली आणि ते बिचारं तिथेच आडवं झालं. पुढचंही तसंच. तिसऱ्याला सासूबाईंनी यजमानांच्या हातावर शेंगेचं टरफल मारलं.

"मारून मारून घरात आणतात व्हय कुणाला? लेकरू हाय ते."

फोन वाजला. ईशा. "आई, लोणावळा सोडलं. ढेकळाला आज जास्त खायला घाल हं, मॅच आहे."

"घालते," मी म्हणाले. मी गेम स्वतःच्या हातात घेतला, करकोच्याला पुढे केलं, त्याने अगदी भाऊजींसारखी दोन-चार टोचण्या दिल्या आणि जाळं पडलं. नवीन ढेकूळ घरात आलं. मी त्याला नाव दिलं आणि टीममध्ये बसवलं. मग लक्षात आलं की हे अगदीच लहान आहे. ईशाचं ढेकूळ दुबळं असलं तरी इतक्या वर्षांचं होतं. हे कालचं पोर.

"ट्रेनिंग द्यावं लागेल," मी म्हणाले.

"ओव्हरटाइम," यजमान म्हणाले.

आम्ही आळीपाळीने त्याला लढायला नेलं. जेवणं उभ्याने झाली. ईशाचा फोन आला, ती देहूरोडला ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पुढचा फोन तळवडे चौकातून. त्या चौकाला मी रोज कंपनीच्या बसमधून शिव्या घालते. त्या दिवशी मनोमन हात जोडले आणि म्हटलं, आणखी थोडा वेळ धरून ठेव.

ढेकूळ वाढत होतं. जवळजवळ जुन्याइतकं झालं होतं. आणि अचानक पडदा पांढरा झाला. गेमने विचारलं, की याची रूप बदलायची वेळ आली आहे, थांबवायचं का?

"प्रमोशन," यजमान म्हणाले.

"प्रमोशन कोण थांबवतं?" मी म्हणाले, आणि होऊ दिलं.

पडद्यावर एक शिंगवाला, पाठीवर काटे असलेला, दात-ओठ खाणारा राक्षस उभा होता. गवताची काडी गेली होती. डोळे टक्क उघडे होते. नाव तेवढं खाली तसंच राहिलं होतं : ढेकूळ.

"आता हे परत बारकं कसं करायचं?" मी विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत बेल वाजली.

ईशाने बॅग टाकली, आजीच्या पाया पडली आणि गेमसाठी हात पुढे केला. मी दिला. तिने टीम उघडली.

"हे कोण?"

"मोठं झालं," यजमान म्हणाले.

"चार दिवसांत?" 

"खायला चांगलं घातलं ना तुझ्या आईने."

"बाबा." तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, त्याची वेळ आली की मी दरवेळी थांबवायचे. इतकी वर्षं. खरं सांग, माझं ढेकूळ कुठंय?"

मी सांगितलं. टॅग, तक्ता, रकाने, सगळं. सांगताना ते शॉपवर वाटतं तितकं शहाणपणाचं वाटत नव्हतं. ईशा रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पण ईशा, त्याच्यात होतं काय एवढं? सगळ्यात आधी तेच पडायचं."

"पडायचं, पण पळायचं नाही. बाकीचे अंगाशी आलं की पळतात." ती बॅगेच्या चेनशी खेळत म्हणाली. "लातूरहून इथं आलो ना, त्या आठवड्यात पकडलेलं ते. शाळेत कुणी बोलायचं नाही माझ्याशी. तू सेकंड शिफ्टला, बाबा नाइट करून झोपलेले, आजी गावाकडं. घरात मी आणि ढेकूळ."

सासूबाईंनी सोललेल्या शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली. मी माझ्या तक्त्याचा विचार करत होते. त्यात मशीन चालवता येतं का, माप घेता येतं का, असे सगळे रकाने आहेत. संध्याकाळी घरात कुणी नसताना शेजारी बसता येतं का, असा एकही रकाना नाही.

"आता ह्या शिंगवाल्याला तरी घिऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "आलंय घरात, तर उपाशी-तापाशी बसवून ठिवू नको."

ती घेऊन गेली. त्या राक्षसाने समोरची अख्खी टीम एकट्याने आडवी केली म्हणे. ईशा जिंकून परत आली आणि ताट घेताना म्हणाली, "जिंकले. पण मजा नाही आली. आई, ढेकूळ तू घालवलंस, तूच आण. माझं होतं तसंच हवं. झोपाळू, आणि न पळणारं."

तेव्हापासून कंपनीच्या बसमध्ये, जाताना आणि येताना, मी दलदलीत पावसाची वाट पाहत असते. ढेकळं सापडतात. पण एखादं लढाईत पळून जाऊ पाहतं. एखादं टक्क जागं असतं. एकाची काडी उजवीकडे वळलेली आहे. ईशाच्याची डावीकडे होती म्हणे. नको असलेलं सोडून द्यावं म्हणून मी बटणावर बोट ठेवते. गेम विचारतो, नक्की? आणि मला ती पुढची ओळ आठवते, मागे वळून पाहण्याची. मी बोट काढून घेते.

त्यामुळे डबा आता भरत आला आहे. नवीन आलेली सगळी एकाच जातीची, सगळ्यांचं नाव ढेकूळ, आणि एकही कामाचं नाही. कंपनीत हे कुणी केलं असतं तर मी त्याला मीटिंगमध्ये उभं केलं असतं. माझ्या कामांच्या यादीत रोज सकाळी 'ढेकळांचा डबा आवरणे' असं मी पहिलं लिहिते, आणि रोज रात्री ते दुसऱ्या दिवसाच्या यादीत ढकलते. माझ्या खुर्चीवरचा लाल टॅगही अजून तसाच आहे. सासूबाई म्हणतात, काढू नकोस, बरोबर जागी लागलाय.