प्रणय उठेचना!

आमच्या नाहूरच्या कबड्डी संघाकडे कप तीनच आहेत, किस्से मात्र ढीगभर. प्रॅक्टिस संपली की सगळे गुडघ्यांवर बर्फ धरून बसतात आणि एकेक किस्सा निघतो. मी फारसा बोलत नाही, म्हणून माझ्याकडेच जास्त साठलेत.

यंदाचे बहुतेक प्रणयचे. प्रणय आमचा मेन रेडर. सहा महिने एक रविवार रिकामा गेला नाही, स्पर्धेमागून स्पर्धा. मग एकदम त्याचा कॉन्फिडन्सच गेला. दोन पावलं टाकून परत यायचा. शेवटी म्हणाला, "सर, बोरीवलीची मॅच खेळतो. मग बास."

आमचे कोच कांबळे सर म्हणाले, "बरं." उपाय मात्र सुरू झाले!

पहिला उपाय आरशाचा. रोज आरशासमोर उभं राहून "मी जिंकणार" म्हणायचं. प्रणयच्या घरी आरसा एकच, आणि त्याच्यासमोर कायम बहीण. म्हणून तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला लागला. सलूनवाल्याने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, तू जिंक नक्की. पण जरा बाजूला सरक, गिऱ्हाईकाला स्वतःचं तोंड दिसत नाहीये!"

मग ओळखीच्या एक सायकॉलॉजिस्ट मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना मॅटवर आडवं केलं. "डोळे मिटा. तुम्ही रेडला निघालाय... मध्यरेषा ओलांडली..." आवाज एवढा गोड की पाचव्या मिनिटाला प्रणय घोरायला लागला! आमचा कॅप्टन विकी त्याला हलवायला गेला.

मॅडम म्हणाल्या, "अजिबात उठवू नका. माझं काम झालं."

सर प्रणयच्या घरीही जाऊन आले. त्याची आई मालवणची. म्हणाली, "सर, आठ दिवस त्याका बांगडे खाऊक घालतंय. काय फरक नाय!" आणि सरांपुढेही ताट ठेवलं. सरांनी तीन बांगडे संपवले. उठताना म्हणाले, "वहिनी, मला फरक वाटतोय."

सरांनी मलाही सोडलं नाही. नववीत शाळा सोडल्यापासून मी चारचौघांत बोलायला बिचकतो. सर म्हणाले, "मंग्या, रेडर आत आला की विकीला ओरडून सांगायचं, धर!"

मुलुंडच्या संघाचा रेडर आत आला. मी सगळा जोर लावून ओरडलो, "विकीदादा, धरता का जरा?"

रेडरला हसू फुटलं आणि त्याचं "कबड्डी कबड्डी" मध्येच तुटलं. दम तुटला की रेडर बाद!

विकी म्हणाला, "झकास! पुढच्या वेळी त्याला चहापण विचार!"

आणि बोरीवलीची ती मॅच. शेवटची पाच मिनिटं, आम्ही तीन पॉइंटने मागे. प्रणय बाद होऊन बाहेर बसलेला. तेवढ्यात विकीने त्यांचा एक गडी टिपला. म्हणजे आमचा एक बाद गडी परत आत, आणि नंबर प्रणयचा. पंचांनी हात केला. प्रणय उठेचना!

"अरे ऊठ ना यार, वाट लागेल!" विकी ओरडला.

सरांनी टाइम-आउट मागितला. मला वाटलं, आता झापणार. सर त्याच्याशेजारी मांडी घालून बसले.

"सोडतोयस की दमलायस?"

प्रणयने विचार केला. "दमलोय, सर."

"मग बस."

दोघंही बसून राहिले. सगळं ग्राउंड बघतंय! शिट्टी वाजली. पंच म्हणाले, "टाइम-आउट संपला."

"दुसरा घ्या," सर म्हणाले.

विकीने डोक्याला हात लावला. दुसरा शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवला होता!

दहा सेकंद गेले. प्रणय चुळबुळायला लागला. बुटाच्या नाड्या आवळल्या. मैदानाकडे बघितलं. मग म्हणाला, "सर, जाऊ ना आत?"

"बस रे! अजून वीस सेकंद आहेत."