मामांची बदली झाडं

पृथ्वी तापत चालली आहे ही बातमी लालबागेत सर्वांत आधी माझ्या मामांना लागली, आणि त्यानंतर त्यांनी चाळीत कुणाला निवांत घाम पुसू दिला नाही. मामा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. तिथे हवा सुकली की धागा तुटतो, त्यामुळे हवेचा संशय त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. लग्नाच्या पंगतीतही ओलं बोट वर धरून म्हणत, "हवा बरी नाय." वाढपी भात वाढायचा थांबे. संप फिसकटला, गिरणी बंद पडली, हाताला काम उरलं नाही; मामांची काळजी मात्र रोज पूर्ण पाळी भरत राहिली.

गिरणीचा पहारेकरी गावचाच. त्याला पटवून मामांनी मागच्या ओसाड आवारात करंज, जांभूळ, वड लावले. तेही मागांसारखे ओळीत, मधून एक माणूस जाईल एवढी वाट सोडून. रोज सकाळी हजेरी. नवं रोप म्हणजे 'बदली' कामगार, दुसऱ्याच्या रजेपुरता रोजावर घेतलेला. दोन उन्हाळे हिरवं राहिलं तरच ते 'कायम', आणि मध्ये पानं गाळली की पुन्हा पहिल्यापासून. स्वतः नऊ वर्षं बदलीत काढल्यामुळे मामा या बाबतीत मालकाहून कडक.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे सांगायला मी लाजत नाही. शहराच्या उष्म्यावर संशोधन करणाऱ्या सरांच्या हाताखाली होतो, म्हणून थर्मामीटर घेऊन मीच गेलो. फाटकापाशी चढलेला पारा झाडांखाली उतरला, तेव्हा मामांचा चेहरा असा झाला, जणू पदवी त्यांनाच मिळाली.

पुढे जागा विकल्याची कुणकुण लागली. झाडं वाचवायला पालिकेच्या कचेरीत अर्ज करायचं ठरलं. इंग्रजी माझं, माहिती मामांची. एकूण झाडं किती, मी विचारलं. अकरा, म्हणाले. त्या ओळींतून मी कितीदा चाललो होतो, तरी सुबक अक्षरात अकरा लिहिलं.

महिन्याभराने एका सकाळी मामांबरोबर गेलो तर अकरा झाडांभोवती तारेचं कुंपण, आणि बाकीची साठेक आडवी. झाडं तोडणाऱ्यांचा मुकादम शांतपणे म्हणाला, अर्जात अकराच आहेत. मी मामांकडे वळलो.

"बाकीची बदली होती ना," ते म्हणाले. "बदलीक कोण मोजता?"

मग एका पडलेल्या करंजापाशी उकिडवे बसले. पानं अजून मऊ होती. बराच वेळ ती हाताने सारखी करत राहिले.

"सावली देताना झाडां कायम-बदली बघनत नाय रे."

 मी त्यांच्या शेजारी उन्हात बसून राहिलो.